पुण्याचं नाव की सांगलीचं इलेक्ट्रिकल?

पत्र (थोडक्यात)

नमस्कार मॅडम,

मी पलूस तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बारावी सायन्स झालं, सीईटीला पर्सेंटाइल चांगले आलेत. बाबांचं विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवीन घालायचं दुकान आहे. मी आठवीपासून त्यांच्या हाताखाली कॉइल करते. मला इलेक्ट्रिकल करायचंय. मागचे कटऑफ बघता सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रिकल मिळेल असं वाटतं. पुण्यात सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला, इलेक्ट्रिकल अवघड आहे, पण मेटलर्जी (धातुशास्त्र) लागू शकेल. मामा आणि क्लासचे सर म्हणतात, ब्रँच कुठलीही घे पण सीओईपी सोडू नकोस, नाव जन्मभर पुरतं. आई म्हणते, पोरीला एवढ्या लांब कशाला धाडायची? बाबा काहीच बोलत नाहीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पुण्यात हॉस्टेल, मेस, इंग्रजी बोलणारी मुलं, सगळ्याचीच भीती वाटते. ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं काय टाकू?

— मोटारवाल्याची मुलगी

उत्तर

मुली,

तुझं मूळ पत्र चार पानी आहे, इथे त्यातलं मोजकंच छापलंय. पण मी ते सगळं वाचलं, दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न कळावा म्हणून, आणि दुसऱ्यांदा कशावर किती ओळी खर्च केल्यास ते बघावं म्हणून. तीस वर्षं पेपर तपासल्यावर ही सवय लागते. मोटारींवर तू अर्धं पान लिहिलंयस. २०१९च्या पुरानंतर दुकानासमोर चिखलाने भरलेल्या मोटारींची रांग लागली होती, तू शाळेतून आलीस की त्या धुवायला बसायचीस, हे सगळं त्यात आलंय. हॉस्टेल, मेस, इंग्रजी आणि पुण्याची मुलं यांवर मात्र पावणेदोन पानं आहेत. मेटलर्जीच्या वाट्याला एक ओळ आली आहे, तीसुद्धा 'मेटलर्जी म्हणजे नक्की काय ते मला माहीत नाही' अशी.

तेव्हा तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नाव मोठं की आवड मोठी, हा एक. घर सोडायची भीती वाटते, हा दुसरा. दुसऱ्याने पहिल्याचे कपडे घातलेत. भीतीने सांगलीला गेलीस आणि वर 'मला आवड होती म्हणून' असं सांगत राहिलीस, तर फर्स्ट इयरला मेकॅनिक्स डोक्यावरून जायला लागलं की स्वतःवरच चिडशील. म्हणून आधी मनातल्या मनात एक करून बघ. सीओईपी सांगलीत विश्रामबागेत आहे आणि वालचंद पुण्यात शिवाजीनगरला, असं उलटं समज. आता काय घेशील? उत्तर तेच आलं तर पुढे वाच. बदललं तरी वाच, पण मग आधी भीतीशी बोलायला लागेल.

आता मामांच्या म्हणण्याकडे येते. नाव जन्मभर पुरतं हे काही खरं नाही, पण ते अगदीच पोकळ आहे असंही नाही. माझंच सांगते. मी १९८१ साली असंच एका बड्या कॉलेजचं नाव बघून गेले. नाव खरंच मोठं होतं, पण ते कमावलं होतं आवाराच्या पलीकडच्या बाजूच्या डिपार्टमेंटने. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक सर तंबाखूच्या पानासारख्या पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स उतरवून द्यायचे. लॅबमधल्या एका मशीनवर हिरवं कापड घातलेलं होतं. 'बिघडलंय' असं पहिल्या वर्षी सांगितलं. चौथ्या वर्षी मी बाहेर पडले तेव्हा कापड तेच होतं, धूळ तेवढी वाढली होती. आणि तरीही पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी अर्जावरचं कॉलेजचं नाव वाचलं, फाइल बाजूला सारली आणि विचारलं, कधीपासून येताय? मला काही येतं का, हे त्यांनी बघितलंच नाही. दुसऱ्या नोकरीच्या वेळी मात्र कॉलेजबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पहिल्या नोकरीत काय केलं तेवढंच विचारलं, आणि तिथे माझी बोबडी वळली.

म्हणजे नाव पहिल्या दरवाजाला कामाला येतं. आता हा पहिला दरवाजा कुणाला जड जातो? ज्याचे वडील इंजिनिअर, काका कंपनीत मॅनेजर, त्याला तो अर्धा उघडाच असतो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी २००२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण सारख्याच वकुबाची मुलं घेतली, काही नामांकित कॉलेजात गेलेली आणि काही तिथे प्रवेश मिळत असूनही साध्या कॉलेजात गेलेली, आणि त्यांची पुढची कमाई ताडून बघितली. बहुतेकांच्या बाबतीत फारसा फरक निघाला नाही. गरीब घरातल्या मुलांच्या बाबतीत मात्र निघाला, त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. अमेरिका म्हणजे पलूस नव्हे, हे मलाही कळतं. पण कारण समजायला अवघड नाही. ज्याच्या घरात ओळखी नाहीत त्याला कॉलेजच ओळखी देतं. म्हणून तुझ्या मामांना मी हसणार नाही. त्यांनी त्यांच्या आयुष्यात ओळखीवाचून अडलेली कामं बघितली असणार.

माझा त्यांच्याशी वाद आहे तो 'ब्रँच कुठलीही' या दोन शब्दांवर. कॉलेज म्हणजे तुझ्यासाठी १८५४ सालापासूनचा इतिहास नाही, विश्वेश्वरय्या तिथे शिकले हेही नाही, आणि बोट क्लबवरून दिसणारी मुळा नदीही नाही. तुझ्यासाठी कॉलेज म्हणजे एक डिपार्टमेंट, तुझ्या वर्गातली मुलं, आठ-दहा शिक्षक आणि तीन-चार लॅब. चार वर्षं तू तिथे असणार. नाव सगळ्या कॉलेजचं मिळून एक असतं, शिकायला मात्र एकाच खोलीत बसावं लागतं.

आणि एक गंमत सांगू? तू वालचंदचा उल्लेख 'घराजवळचं कॉलेज' असा केलायस. अगं, १९४७ साली धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ते सुरू केलं, वालचंद हे नाव नंतर लागलं. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही कारखान्यात जाऊन 'वालचंदची आहे' म्हण आणि समोरच्याचा चेहरा बघ. रोज एसटीतून ज्याच्यावरून जातो त्याचं आपल्याला अप्रूप राहत नाही, एवढंच. तुझ्यापुढचा पेच मोठं नाव की बिननावाचं कॉलेज असा नाहीच. एकाचं नाव राज्यभर चालतं, दुसऱ्याचं आपल्या भागात जास्त चालतं. पण एकीकडे तुझी ब्रँच आहे, दुसरीकडे नाही.

आता बिचाऱ्या मेटलर्जीबद्दल. ती उरलीसुरली ब्रँच आहे असा सूर तुझ्या सरांच्या बोलण्यात दिसतो आणि तो मला अजिबात मान्य नाही. तुझ्याच दुकानातलं उदाहरण घे. जळालेली मोटार आली की जुनं वाइंडिंग सैल करायला काही जण स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, वाइंडिंग असलेला भाग) सरळ जाळात टाकतात. तांबं सहज ओढून निघतं, काम पटकन होतं. मग नवीन कॉइल भरली, गेज बरोबर, टर्न बरोबर, वॉर्निशही चांगलं, तरी मोटार गरम होते आणि विनालोड जास्त करंट ओढते. का? तर स्टॅम्पिंगच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जाळात गेलेलं असतं. पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात, त्यांच्यात करंट गरगरायला लागतो आणि तेवढी वीज नुसती उष्णता होऊन जाते. तुझे बाबा एखादी मोटार हातात घेऊन 'हिची स्टॅम्पिंग गेली, भरून उपयोग नाही' असं म्हणत असतील तर ते हेच. आता तो पत्रा साध्या लोखंडाचा का नसतो, त्यात सिलिकॉन का घालतात, तो तेवढा पातळ का लाटतात, हे सगळं मेटलर्जीवाले शिकतात.

तर तुझी खरी परीक्षा ही. बाबा अशी मोटार बाजूला ठेवतात तेव्हा तुझ्या डोक्यात काय येतं? 'जाऊ दे, दुसरी घेऊ' असं येतं, की 'या पत्र्याला नक्की झालं काय' असं येतं? दुसरं येत असेल तर मेटलर्जी तुला परकी नाही, आणि मग पुण्याचा विचार डोळे मिटून खोडून टाकू नकोस. पण तुझं मन स्लॉटमध्ये, जोडणीत, स्टार्टरच्या वायरिंगमध्ये आणि एका फेजला कमी व्होल्टेज आलं की मोटारीचं काय होतं यात रमत असेल, तर तू इलेक्ट्रिकलचीच आहेस. तुझ्या पत्रावरून मला तू इलेक्ट्रिकलचीच वाटतेस. 'सिंगल फेजवर चालून जळलेली मोटार मी वाइंडिंग बघून ओळखते' हे वाक्य तू उगाच लिहिलेलं नाहीस.

'आधी सीओईपीत घुस, पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदल' असा सल्लाही तुला मिळाला असेलच, सगळ्यांना मिळतो. ब्रँच बदलायची सोय असते ती जागा रिकामी झाली तर आणि मेरिटवर. मागणीच्या ब्रँचमध्ये जागा रिकाम्या किती होणार? त्या आशेवर चार वर्षं बांधू नकोस.

क्रमवारीचंही तू विचारलंयस. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीची, पहिली यादी २०१६ साली आली. इंजिनिअरिंगच्या यादीत शंभरातले तीस गुण शिकवणं आणि साधनांना, तीस संशोधनाला, वीस मुलांचं पुढे काय झालं याला, दहा सर्वसमावेशकतेला आणि दहा 'लोकांच्या मनातली प्रतिमा' यासाठी असतात. म्हणजे नावाला पुन्हा नावाचेच दहा गुण! आणि संशोधनाच्या तिसाचा बी.टेक.च्या पोरीला थेट उपयोग बेताचाच. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्था. त्यातली नॅकची श्रेणी सगळ्या कॉलेजची मिळून असते. तुला बघायचंय ते एनबीएचं मानांकन, कारण ते ब्रँचनिहाय मिळतं, तीन किंवा सहा वर्षांसाठी. तुझ्या ब्रँचला आहे का, कधीपर्यंत आहे, ते दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर बघ. आणि एनआयआरएफचा एक उपयोग मात्र नक्की करून घे. तिथे कॉलेजांनी भरून दिलेली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्य किती, हे असतं. गेटवरच्या फ्लेक्सवर हसऱ्या फोटोखाली जो आकडा असतो तो एका मुलाचा. मध्य म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा. तू रांगेत कुठे असशील हे आज कुणालाच माहीत नाही, म्हणून मधलाच बघायचा. तोही सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, तेव्हा इलेक्ट्रिकलचा आकडा वेगळा विचारून घे. इलेक्ट्रिकलच्या किती मुलांना सॉफ्टवेअरमध्ये नोकऱ्या लागल्या आणि किती जण मोटारी, ट्रान्सफॉर्मर, वीज यांच्या कामात गेले, हेही विचार. तुला महावितरण किंवा महापारेषणची परीक्षा द्यायची असेल तर तिथे कॉलेजच्या नावाला नाही, पेपरातल्या मार्कांना किंमत आहे.

पैशाचं थोडक्यात. तुम्ही ओबीसी आहात आणि उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत आहे असं लिहिलंयस. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. म्हणजे ट्यूशन फी हा दोन कॉलेजांमधला फरक उरत नाही. फरक उरतो तो राहण्या-खाण्याचा. नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला हातात आहे ना? नसेल तर हे वाचणं थांबव आणि आधी सेतूत जा. दाखल्यावाचून सीट गेलेली पोरं मी दर वर्षी बघितलीत, मार्कांवाचून गेलेल्यांपेक्षा तीच जास्त हळहळतात.

आता फॉर्म. एक मोठा गैरसमज आधी काढते. 'वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जातं' असं तुझ्या मैत्रिणीने सांगितलंय, ते चूक आहे. संगणक मेरिटने एकेकाला घेतो, तुझा नंबर आला की तुझी यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती तुला देतो. वरची नाही मिळाली म्हणून खालच्या जागेवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी शक्यतेच्या क्रमाने नाही, आवडीच्या क्रमाने लावायची. मिळणं अवघड असलं तरी सीओईपी इलेक्ट्रिकल सगळ्यात वर टाक. जातंय काय तुझं? ते लागलं तर मामाही खूश, तूही खूश, आणि आईला मी पत्र लिहीन. त्याखाली वालचंद इलेक्ट्रिकल. मुंबईची तयारी असेल तर या दोघांच्या आसपास व्हीजेटीआय इलेक्ट्रिकलही.

मेटलर्जी कुठे टाकायची ते स्टॅम्पिंगच्या परीक्षेवर ठरव, पण एक लक्षात ठेव. २०२५च्या प्रवेशात नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीज, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी लागली की फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. फ्रीज झालं की पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको. पण तत्त्व हेच असेल तर पहिल्या तिनांत फक्त तेच टाक जे लागल्यावर तू त्याच संध्याकाळी पेढे आणशील. 'असू दे वरती, बघू' म्हणून टाकलेली जागा गळ्यात पडते.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. पत्रातली मुलगी मला जशी दिसली तशीच ती असेल, तर वालचंद इलेक्ट्रिकल हे सीओईपी मेटलर्जीच्या वर. एका अटीवर. हॉस्टेलला राहायचं. रोज एसटीने ये-जा करायची नाही. तासा-दीड तासाचा रस्ता आहे, जमेल, असं आई म्हणेल, आणि जमेलही. पण कॉलेजात जे शिकायचं असतं त्यातलं निम्मं पाच वाजल्यानंतर असतं. प्रोजेक्टची जुळणी, रात्री अकराला मैत्रिणीने समजावलेलं गणित, नागपूरच्या नि नांदेडच्या मुलींशी झालेली भांडणं. मामा ज्या ओळखी म्हणतात त्या इथे होतात. साडेपाचची गाडी पकडणाऱ्या मुलीला त्या मिळत नाहीत. आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची भीती विश्रामबागेतही वाटणारच आहे. ती पहिल्या सेमिस्टरला वाटते, सगळ्यांनाच वाटते, आणि पहिल्या व्हायव्हानंतर कळतं की समोरचा नुसता फाडफाड बोलत होता.

फॉर्म भरायच्या आधी दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन ये. पुण्याला जायला कंटाळू नकोस, किर्लोस्करवाडीहून रेल्वे आहेच. (जाता जाता: ती वाडी १९१० साली वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत गेले होते. डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. जे.जे. काय कमी नावाचं होतं?) प्रिन्सिपॉलांना भेटू नकोस, ते चांगलंच सांगणार. थर्ड इयरच्या मुली गाठ, कँटीनमध्ये. त्यांना 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नकोस. 'मागच्या आठवड्यात कुठले तास झाले नाहीत?' असं विचार. 'लॅबमध्ये मोटारीची जोडणी तुम्ही करता की सर करून दाखवतात आणि तुम्ही रीडिंग घेता?' हे विचार. मुलींचं हॉस्टेल किती वाजता बंद होतं आणि लायब्ररी किती वाजता, या दोन वेळा एकमेकींशी जुळवून बघ.

आणि इलेक्ट्रिकल मशिन्सची लॅब बघायला बाबांना बरोबर ने. ते बोलत नाहीत कारण त्यांना वाटतं, यातलं आपल्याला काय कळतं. लॅब दाखवा म्हणून डिपार्टमेंटमध्ये विनंती कर. आत गेल्यावर तू मागे राहा आणि त्यांना पुढे जाऊ दे. शाफ्टला हात लावून, टर्मिनलच्या पट्ट्या बघून, कुठली मोटार रोज फिरते आणि कुठली वर्षभर नुसतीच ठेवलीय, हे ते तुला दोन मिनिटांत सांगतील.